परक्या हाताची चिठ्ठी

कानसमास्तर कागद वाचत नसत. म्हणजे वाचता येत होतं, चांगलं येत होतं. रोजचा पेपर ते पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत आणि त्यातल्या चुका काढून शेजाऱ्याचं डोकं खात. पण कामाच्या टेबलावर आलेला कागद मात्र बोटाच्या टोकानं बाजूला सारत. "कागद काय, कुणीही लिहील," म्हणत. "लोखंड खोटं बोलत नाही." हे वाक्य त्यांनी आठ वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं की चिटणीस त्यांच्या आधीच ते पुरं करून टाकायचे.

हे टेबल एका ट्रस्टच्या मागच्या खोलीत होतं. पंपांच्या एका मोठ्या कारखान्याच्या मालकांनी मरण्यापूर्वी आपलं राहतं घर आणि बरीच मिळकत या ट्रस्टच्या नावे केली होती. पंचविशीच्या आतल्या तरुण इंजिनियरांना दर वर्षी एक पुरस्कार आणि सहा अनुदानं द्यायची, एवढंच ट्रस्टचं काम. अनुदान म्हणजे नुसते पैसे नव्हेत. वर्षभर ट्रस्टच्या शेडमध्ये जागा मिळे, यंत्रं मिळत, लागेल ते सामान मिळे. ज्याला ते मिळालं त्याच्या आयुष्याला वळण लागलं, अशी कितीतरी उदाहरणं भिंतीवरच्या फोटोंत हसत उभी होती.

मालक स्वतः एका लोहाराचा मुलगा. त्यांचं एकच वेड होतं. अर्जदारानं जे यंत्र शोधून काढलं असेल त्यातला मुख्य भाग त्यानं स्वतःच्या हातानं केलेला पाहिजे. बाजारातून करून आणलेला चालणार नाही, मामा-काकांकडून तर मुळीच नाही. हे तपासायला त्यांनी आपल्या कारखान्यातला सगळ्यात जुना फिटर नेमला, तेच हे मास्तर. तेहतीस वर्षं कानस चालवून मास्तरांचे हात असे झाले होते की नुसता अंगठा फिरवून ते सांगत, हे काम कितव्या वर्षाच्या हाताचं आहे. एकदा एका मुलानं आणलेला चकचकीत दांडा त्यांनी हातात घेतला आणि म्हणाले, "हे पोराचं नाही. हे पन्नाशीच्या माणसाचं आहे, आणि त्याच्या चष्म्याचा नंबर वाढलाय." चौकशी केली तर दांडा मुलाच्या मामांनी केलेला निघाला. मामांचं चष्म्याच्या दुकानवाल्याशी भांडण चालू होतं, हे वर कळलं.

पेट्या मागच्या खोलीत येत त्या फक्त क्रमांक लावून. नावं चिटणीसांच्या कपाटात कुलपात. मास्तरांनी पेटी उघडायची, भाग बघायचे आणि तीनपैकी एक चिठ्ठी सही करून लावायची: 'आपला हात', 'परका हात' किंवा 'शंका'. शंकेची चिठ्ठी लागली तर अर्जदाराला बोलावून मास्तरांच्या समोर वाइसला उभं करायचं, तिच्या जबड्यात लोखंडाचा तुकडा आवळून द्यायचा आणि कानस चालवायला सांगायची. दहा मिनिटांत सोक्षमोक्ष. 'परका हात' लागली तर मात्र अर्ज बाद, आणि त्या माणसाचं नाव ट्रस्टमध्ये पुन्हा कधीही घ्यायचं नाही. आठ वर्षांत मास्तरांनी शंकेच्या गठ्ठ्यातून एकही चिठ्ठी फाडली नव्हती. शंका नवशिक्यांना येतात, असं ते म्हणत. आपल्या कामाचा असा ताठा माणसाला म्हातारपणी उभं राहायला उपयोगी पडतो. फक्त त्याची किंमत कोण मोजतं, हे आधी कळत नाही.

मास्तर एकटे होते. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एक भाऊ होता, बारा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेल्यामुळे धाकट्याला मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोनं वाढवलं. भाऊ म्हणा, मुलगा म्हणा, तोच. सोळाव्या वर्षी मास्तरांनी त्याच्या हातात कानस दिली, पाठीमागे उभं राहून, त्याच्या मनगटावर आपलं मनगट ठेवून शिकवली. वर्षभरात पोरगं असं तयार झालं की मास्तर दुसऱ्यांना त्याची कामं दाखवत फिरायचे. एक खोड मात्र त्याची स्वतःची होती. लोखंडाच्या कोपऱ्याची धार मोडायला कानसेच्या दोन ओढी पुरतात. धाकटा तिसरी मारायचा, अगदी हलकी, आडवी. आतल्या बाजूच्या, कुणाच्या नजरेला कधीच न पडणाऱ्या कोपऱ्यांनासुद्धा.

"अरे वेळ काय फुकट आलाय का?" मास्तर ओरडायचे.

"दादा, कधीतरी कुणीतरी ते उघडणारच की. त्याच्या बोटाला लागायला नको."

त्या तिसऱ्या ओढीनंच घात केला. तेवीस वर्षांपूर्वी कारखान्यात वरच्या दर्जासाठी परीक्षा होती. प्रत्येकानं दोन दिवसांत एक लोखंडी ठोकळा घासून जाड पट्टीच्या भोकात चपखल बसवून दाखवायचा. धाकट्याच्या मित्राचा अंगठा आदल्याच आठवड्यात फाटला होता. घरी चार लहान मुलं, दर्जा मिळाला नाही तर कामावरून जायची पाळी. धाकट्यानं स्वतःचा ठोकळा केला आणि मित्राचाही करून दिला. परीक्षेच्या टेबलापाशी साहेबाच्या शेजारी मास्तर उभे होते. मित्राचा ठोकळा हातात आला, अंगठा कोपऱ्यावरून फिरला, आणि मास्तर भरल्या कारखान्यात मोठ्यांदा म्हणाले, "हा याचा नाही. हा माझ्या भावाचा हात आहे."

गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दोघांनाही त्याच दिवशी काढून टाकलं. धाकट्यानं घरी येऊन सामान बांधलं, बायकोला आणि दोन वर्षांच्या मुलीला घेतलं आणि एक शब्द न बोलता तो दुसऱ्या गावी निघून गेला. मुलगी तेवढी दारापर्यंत मास्तरांचं बोट सोडायला तयार नव्हती.

"मी काय खोटं बोललो?" मास्तर बायकोला विचारत.

"खरंच बोललात," ती म्हणायची. "पण तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"

ती जन्मभर मागे लागली होती, पत्र टाका, जाऊन या. मास्तर आज-उद्या करत राहिले. ती गेली तेव्हा मात्र त्यांनी धाकट्याला चार ओळी लिहिल्या. वहिनी गेली, कळावं. ज्या बाईनं त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं, तिच्यासाठी तरी येईल असं वाटलं होतं. तो आला नाही, उत्तरही आलं नाही. त्या दिवसापासून मास्तरांनी धाकट्याचं नाव टाकलं. असं ते म्हणत तरी होते.

आणि मग या वर्षीची चौतीस नंबरची पेटी आली.

पेटीत एक मजबूत चौकट होती, दातेरी चाकांची एक जोडी, एक लांब स्क्रू आणि फिरवायची मूठ. वर नेहमीसारखी अर्जाची दोन पानं, यंत्र कशासाठी केलं याची. मास्तरांनी ती नेहमीसारखी बाजूला सारली आणि चाक हातात घेतलं. दाते हातानं कापून घासलेले होते, आणि काय घासलेले! मास्तरांनी मान हलवली. मग चाकाच्या आतल्या भोकाच्या कडेवर अंगठा गेला आणि तिथंच थांबला.

एक, दोन, आणि तिसरी. हलकी, आडवी.

त्यांनी चौकट उलटी केली, मूठ खोलली, आतल्या खाचेत बोट घातलं. सगळीकडे तीच. तेवीस वर्षांनी माणूस अंधारातून यावा आणि त्यानं खांद्यावर हात ठेवावा, तसं त्यांना झालं. ते खाली बसले. डोळे भरून आले ते चिटणीसांनी बघू नयेत म्हणून उगाच नाक शिंकरलं. हात अजून तसाच आहे गड्याचा, त्यांना वाटलं. उलट जास्तच पक्का झालाय. आणि पाठोपाठ जुना राग उसळला. परत तेच! परत दुसऱ्याचं काम आपण करून द्यायचं! पोरगी आता पंचविशीची झाली असेल, तिच्यासाठी केलं असणार. बाप आहे, समजू शकतं. पण नियम तो नियम.

इथं खरं ते सांगायला हवं, कारण मास्तरांनी पुढे स्वतःच ते कबूल केलं. नियमाबियमाचं सोंग होतं. त्यांनी शंकेच्या गठ्ठ्याकडे एकदा पाहिलं होतं. पण शंकेची चिठ्ठी लावली तर अर्जदाराला बोलावणं जाणार, मुलगी एकटीच येणार. 'परका हात' लावली तर बाप चवताळून येईल. तो भांडायला येईल, टेबलावर हात आपटेल, म्हणेल, दादा, दुसऱ्यांदा तू माझं वाटोळं केलंस. म्हणू दे. येईल तर खरं! मग त्याला बसवून पाणी देता येईल. मास्तरांनी 'परका हात' फाडली, सही केली आणि पेटीला लावली.

ट्रस्टचा रिवाज असा की बाद झालेली पेटी अर्जदारानं पंधरा दिवसांत घेऊन जायची. ते पंधरा दिवस मास्तर रोज दाढी करून येऊ लागले. इस्त्रीचा शर्ट घालू लागले. खोलीत एकच स्टूल होतं, त्यांनी वरून एक खुर्ची आणून ठेवली. चिटणीस म्हणाले, "मास्तर, लग्नबिग्न ठरवलंय की काय?" मास्तर एरवी अशा थट्टेला खाऊ की गिळू करायचे, त्या दिवशी नुसते हसले. जिन्यावर पावलं वाजली की कान टवकारायचे. काय बोलायचं ते मनाशी घोकून ठेवलं होतं. आधी त्याला पोटभर शिव्या देऊ द्यायच्या. मग विचारायचं, वहिनीच्या वेळी का नाही आलास.

बाराव्या दिवशी दुपारी चिटणीस जेवायला गेले असताना एक मुलगी पोच दाखवत मागच्या खोलीत आली. उंच, अंगानं किरकोळ, खांद्याला कापडी पिशवी, बाह्या वर दुमडलेल्या.

"चौतीस नंबरची पेटी घ्यायची आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्या मागे दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"बाप कुठाय तुझा?" ते म्हणाले. ठरवलं होतं त्याहून ते कितीतरी खेकसून निघालं. "पोरीला पुढे करून स्वतः खाली उभा आहे होय? सांग त्याला, वर ये म्हणावं."

मुलीनं पिशवी खांद्यावर सावरली.

"बाबा नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत म्हणजे? गावाला गेलाय?"

"वारले. अकरा महिने झाले."

मास्तरांनी वाइसचा दांडा धरला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचं येऊ दे, येऊ दे असं ओरडणं बराच वेळ चाललं होतं.

"मग हे..." त्यांनी पेटीकडे बोट केलं. "हे त्यानं आधी करून ठेवलं होतं का?"

"बाबांचा उजवा हात सहा वर्षांपूर्वी गेला. उजवं अंगच गेलं. शेवटची पाच वर्षं ते पलंगावरच होते." तिनं हे अशा आवाजात सांगितलं की ते तिनं खूप ठिकाणी सांगितलेलं असणार. "मी अर्जात लिहिलंय सगळं. तुम्ही वाचलं नाही का?"

मास्तरांनी चष्मा लावला. दोन पानं अजून पेटीतच होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. हे यंत्र मी माझ्या वडिलांसाठी करायला घेतलं, असं पहिल्याच ओळीत होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. माझी आई एकटी त्यांना वळवू शकत नसे आणि मी दिवसभर कामावर असे. ही मूठ फिरवली की पलंगाची चादर एका बाजूनं हळूहळू उचलली जाते आणि एकटी बाईसुद्धा माणसाला कुशीवर वळवू शकते. मुठीचे आणि चौकटीचे कोपरे मुद्दाम गोल घासले आहेत, कारण रोग्याची कातडी पातळ झालेली असते. यंत्र पुरं व्हायच्या आधी वडील गेले. दुसऱ्या कुणाच्या वडिलांना उपयोगी पडावं म्हणून पुरं केलं.

मास्तरांनी ते पान पुन्हा वाचलं. मग त्यांना विचारावंसं वाटलं ते विचारायची लाज वाटली, तरी विचारलं.

"तिसरी ओढ... कुणी शिकवली?"

"बाबांनीच. पलंगाशेजारी खिडकीच्या कठड्याला वाइस बसवली होती. मी घासायची, ते डोळे मिटून ऐकायचे. आवाजावरून सांगायचे, मागे आणताना दाबतेस, उचल. त्यांचं बोलणं परक्या माणसाला कळायचं नाही, मला कळायचं. झालं की तुकडा त्यांच्या डाव्या हातात द्यायचा. अंगठा फिरवायचे. बोचलं की परत द्यायचे."

"आणि तुझी काकू गेली तेव्हा मी पत्र टाकलं होतं..."

"आलं होतं. मीच वाचून दाखवलं. उत्तर लिही म्हणाले, मी कागद घेऊन बसले. दादा एवढाच शब्द सांगितला आणि रडायला लागले, ते थांबेनातच. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं. मग ते राहिलंच."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. आपण कोण हे ठाऊक असूनच ती आत आली होती. मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. ते उठले आणि वरच्या मजल्यावर अध्यक्षबाईंच्या खोलीकडे जवळजवळ धावत गेले. गुडघे दुखत होते ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

अध्यक्षबाई मालकांच्या सून. स्वतः इंजिनियर, बोलायला तुटक पण मनानं सरळ. त्यांनी मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं. मास्तरांनी काही लपवलं नाही. चिठ्ठी का फाडली, कुणाची वाट बघत होतो, सगळं सांगितलं.

"तुम्ही म्हणाला होतात, शंभर टक्के परका हात," बाई म्हणाल्या. "आता म्हणताय, शंभर टक्के तिचा. आणि मधल्या काळात ती तुमची पुतणी निघाली. मास्तर, मी तुमच्या कुठल्या शब्दावर सही करू?"

मास्तरांना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. आठ वर्षं ज्या शब्दावर माणसं तरली-बुडली, तो आता त्यांच्याच पुतणीच्या उपयोगाचा राहिला नव्हता.

"तिला वाइसला उभी करा," ते म्हणाले. "मी बोलत नाही. तुम्ही बघा."

बाई खाली आल्या. मुलगी पेटीला दोरी बांधत होती. बाईंनी तिला नीट समजावून सांगितलं, अपमान करायचा नाही, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला लिहिता येणार नाही. मुलीनं दोरी तशीच सोडली. मग पिशवी खाली ठेवून तिनं लोखंडाचा तुकडा आवळला, दोनदा हलवून बघितला आणि मास्तरांच्या टेबलावरची कानस उचलली.

मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाहायची त्यांना गरजच नव्हती. पहिल्या चार ओढींतच त्यांना कळलं. पुढे जाताना खोल, मागे येताना अलगद, मध्ये एक बारीकशी उसंत. ही उसंत त्यांनीच एका सोळा वर्षांच्या पोराच्या मनगटात घातली होती, त्यानं ती निकामी हातानं, नुसत्या कानानं हिच्यात घातली. तो जिवंत होता इथं, या खोलीत, बारा दिवस. पेटीत हात घालून आपण त्याला भेटलोही होतो. आणि भेटल्याबरोबर पुन्हा त्याला दाराबाहेर काढलं होतं. मास्तरांनी कपाळ भिंतीला टेकवलं.

कानस थांबली. मग कोपऱ्यावर दोन ओढी ऐकू आल्या आणि तिसरी, हलकी. बाईंनी तुकडा हातात घेऊन बघितला.

"हिचाच हात आहे," त्या म्हणाल्या. "मी तसं लेखी देते. नाव साफ होईल तुझं. पण..." त्या घुटमळल्या. "या वर्षीची अनुदानं जाहीर झाली. सहाही मुलं शेडमध्ये कामाला लागली. तुझं वय?"

"पुढच्या महिन्यात पंचवीस पुरी होतील."

"मग पुढच्या वर्षी तू बसत नाहीस. न्यासपत्रातली अट आहे ती, मला बदलता येत नाही. मी दुसरीकडे कुठे तरी बघते."

"नको," मुलगी म्हणाली. "मी सोमवारपासून विम्याच्या ऑफिसात लागतेय. शेडची जागा मिळाली असती तर वर्षभर आईनं कसंतरी भागवलं असतं. तसं तिला आता काम झेपत नाही."

बाईंनी आठ वर्षांतल्या 'परका हात'च्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासण्यासाठी वर पाठवून द्यायला मास्तरांना सांगितलं. त्या रागावल्या नव्हत्या, तेच मास्तरांना सोसवलं नाही.

पेटी एकटीला उचलण्यासारखी नव्हती. मास्तरांनी न विचारता एक बाजू धरली. दुसरी तिनं धरली. जिन्याच्या वळणावर ती म्हणाली, "सांभाळा, पायरी तुटलीय." एवढंच. खाली भाड्याची छोटी गाडी उभी होती. पेटी मागे चढवून झाली तरी मास्तर हात खाली घेईनात.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "सगळी. मला वाटलं, तो भांडायला येईल. मला त्याला बघायचं होतं गं."

मुलीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"बाबा पण तेच म्हणायचे," ती म्हणाली. "तुम्ही इथं असता हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. मी म्हणत होते, दुसरीकडे अर्ज करू. तर म्हणाले, नाही, तिथंच पाठव. तिथं नावं लपवतात, लपवू देत. दादा पेटीत हात घालेल आणि त्याला कळेल पोरगी कुणाची आहे. मग तो काही तिथं थांबायचा नाही, चिठ्ठीबिठ्ठी तशीच टाकून घरी येईल." ती थांबली. "पेटी पाठवली तेव्हापासून आईनं बाहेरची खोली आवरून ठेवली होती."

मास्तर पेटीची सैल झालेली दोरी आवळू लागले.

"मग पत्र आलं. मी आईला वाचून दाखवलं. परका हात असं तपासनिसांचं ठाम मत आहे. आईनं पत्राची घडी घालून ठेवली. मग म्हणाली, म्हणजे भावजींनी ओळखलं. नक्की ओळखलं. बरं झालं, हे ऐकायला तुझे बाबा नाहीत."

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. ती पुढे बसायला गेली.

"मी येऊ का?" मास्तरांनी विचारलं. "एकदा. तुझ्या आईला भेटायला. दारात उभा राहीन नुसता."

तिनं दार लावून घेतलं आणि काच अर्धी खाली केली. ती रागात नव्हती, रडतही नव्हती. दोन वर्षांची असताना होती तशीच तिची हनुवटी होती.

"आता कुणाला भेटायला?" ती म्हणाली.

गाडी निघाली. मास्तर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पेटीची दोरी त्यांनी नीट आवळली होती की नाही, हे त्यांना आठवेना.